नऊ दिवसांचा ताप

आमच्या गावाहून हायस्कूल दीड कोसावर, दर्यापूरच्या रस्त्याला. टिनाच्या पाच खोल्या, पुढं एक बाभूळ, एवढंच. साठ-एकसष्टचं साल असेल. दहावीच्या वर्गात आम्ही दोनच मुली, मी आणि माझी मैत्रीण. मुलींनी वर्गात आधी जाऊन बसायचं नाही, असा तिथला रिवाज. मास्तरांच्या खोलीबाहेर उभं राहायचं, ते निघाले की त्यांच्या मागं वर्गात जायचं आणि तास संपला की त्यांच्याच मागं बाहेर. पोरं म्हणत, आली मास्तरांची वासरं. मी उलटून बोलायची, ती नुसती हसायची.

दुसरा रिवाज घरचा होता. हेडमास्तर स्वतः गावात येऊन आमच्या दोघींच्या बापांना विनवून गेले, तेव्हा तिच्या बाबांनी एकच अट घातली होती: "दोघी जातीन तं जातीन. एकटी पोरगी रस्त्यानं जानार नाई." एकीला बरं नसलं की दुसरीनंही घरी बसायचं. म्हणजे तिची शाळा माझ्या हाती आणि माझी तिच्या. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

तिला मॅट्रिक होऊन मास्तरीण व्हायचं होतं. दुसरं काही तिला सुचायचंच नाही. येता-जाता रस्त्याकडेच्या कापसाच्या पऱ्हाटीला ती गणित शिकवायची, चुकलेल्या झाडाला छडीसुद्धा दाखवायची. मी पोट धरून हसायची.

सहामाहीचे पेपर दिवाळीनंतर मिळाले. गणितात ती वर्गात पहिली, मी नापास. मास्तर भर वर्गात मला म्हणाले, शेजारणीच्या वहीतून तरी काही शीक. पोरं खिदळली. आणि ही बया, तीसुद्धा हसली. पोरांसोबत हसली! माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. घर येईपर्यंत तिच्याशी अवाक्षर बोलले नाही. दुसऱ्या दिवशी गोधडी डोक्यावरून घेतली आणि आईला म्हटलं, ताप आहे.

आईनं कपाळाला हात लावला. तिला कळलं असणारच. पण कापूस वेचणीचे दिवस होते, धाकट्या भावंडांना सांभाळायला मी आयती सापडले.

रोज सकाळी मैत्रीण दारात यायची. दप्तर काखेत, दोन वेण्या वर बांधलेल्या. आई सांगायची, आजही ताप आहे. काढा दिला का, जेवते का, असं सगळं ती विचारायची, जरा वेळ ओसरीवर थांबायची आणि घरी परत जायची. मी दाराच्या फटीतून बघायची. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं. बस आता घरी, पहिल्या नंबरची. खरं तर राग दोन दिवसांतच उतरला होता. पण मी जात्याच हट्टी. तिनं चुकलं म्हणावं, मगच उठीन, असं ठरवून बसले. ती बिचारी काय म्हणणार होती? तिच्या लेखी मी तापानं फणफणले होते.

असे नऊ दिवस काढले. दहाव्या दिवशी ती आलीच नाही. मग मीच वेणी घालून तिच्या घरी गेले. ओसरीवर पाहुण्यांच्या कपबशा तशाच पडलेल्या. पोरीची शाळा सुटली असं गावात झालं होतं, पातूरकडचं स्थळ चालून आलं आणि तिच्या बाबांनी त्याच बैठकीत कुंकू लावून घेतलं होतं. लग्न पक्कं. ती चुलीजवळ बसली होती. मला पाहून उठली, माझ्या गळ्याला हात लावून बघितला. म्हणाली, "उतरला ना वं तुहा ताप?"

मी हो म्हटलं. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं, तिच्या बाबांचे पाय धरायला पाहिजे होते. नाही धरले. माघात तिचं लग्न झालं. मला मात्र आमच्या शेतावरचा सालदार शाळेत पोहोचवू लागला. त्याच्या सोबतीनं दोघीही जाऊ शकलो असतो. हे माझ्या टाळक्यात आलं तेव्हा तिला हळद लागली होती. मास्तरांच्या मागून मी एकटी वर्गात जायची. मॅट्रिक मी झाले, आणि मास्तरीणही मीच झाले.

तीसेक वर्षांनी तिच्या धाकट्या मुलीच्या लग्नाला पातूरला गेले. ही माही मैत्रीन, मोठी मास्तरीन आहे, असं ती येईल त्याला कौतुकानं सांगत होती. मला सोसवेना. दुपारी तांदूळ निवडायला दोघीच बसलो, तेव्हा सगळं सांगून टाकलं. ताप नव्हता, राग होता.

तिचे हात थांबले. रडेल, शिव्या घालेल असं मला वाटलं. घालायलाच हव्या होत्या. सूप बाजूला ठेवून म्हणाली, "काहून सांगतलं वं मले? तापाले कोन काय करते, असं म्हनून मी इतके वर्सं काढले. बापाचा राग नाई केला, तुहा नाई केला. आता या वयात कोनाचा राग करू?"

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ती सूप उचलून बाहेर निघून गेली. संध्याकाळी पंगतीत तिनं मला आग्रह करून दोन पुऱ्या जास्त वाढल्या. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.