हॉलमधली गादी आणि मोबाइलमधले डॉक्टर

प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन करून कामोठ्याच्या घरी आलो आणि पहिलं काम केलं ते म्हणजे माझी गादी हॉलमध्ये टाकली. लघवीचा भरवसा नाही, तुझी झोपमोड नको, असं बायकोला सांगितलं. खरं कारण वेगळंच होतं. तिच्या जवळ गेल्यावर शरीर पूर्वीसारखं साथ देईल की नाही, या धास्तीनं मी पोखरून निघालो होतो. नाहीच दिली तर तिला काय तोंड दाखवू?

तपासणीला गेलो की डॉक्टर शेवटी विचारायचे, अजून काही शंका? तोवर बायको बाहेर गेलेली असायची. पुरुषांचं बोलणं निघालं की बायकांनी उठायचं, ही आमच्या घरातली जुनी रीत. म्हणजे मैदान मोकळं, डॉक्टर समोर, आणि मी नंदीबैलासारखी मान हलवून सांगायचो, छे, सगळं ठीक.

मग संध्याकाळी खांदेश्वर स्टेशनबाहेर बाकावर बसायचं, कानात इअरफोन खुपसायचे आणि तेच मोबाइलला विचारायचं. व्हिडिओतला एक डॉक्टर म्हणे, महिन्याभरात घोड्यासारखे धावाल. दुसरा म्हणे, विसरा आता, देवाचं नाव घ्या. तिसऱ्याच्या गळ्यात स्टेथोस्कोप, मागे हाडांचा तक्ता, अर्धा वेळ नुसती प्रस्तावना आणि खरं उत्तर म्हणे पुढच्या व्हिडिओत. अरे बाबा, इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि तू मला बेल दाबायला सांगतोस! एक डॉक्टरीणबाई तेवढ्या शांतपणे, कंटाळवाणं बोलत होत्या. कुठल्या नसा वाचल्यात त्यावर अवलंबून आहे, तुमच्या सर्जनना विचारा, जोडीदाराला सोबत न्या. तो व्हिडिओ मी अर्ध्यावर बंद केला. मला उत्तर हवं होतं, आणि ही बाई परत डॉक्टरकडेच धाडत होती.

सगळ्यात जास्त चीड माझीच येते. तळोज्याच्या केमिकल कंपनीत लेबल नसलेल्या डब्याला हात लावायचा नाही म्हणून लोकांवर डाफरण्यात माझी अख्खी नोकरी सरली. आणि त्याच मी त्या घोडेवाल्याची पावडर मागवली, दुधातून प्यायलो. डब्यावर घोडा छापलेला, आत काय आहे ते कुठेच लिहिलेलं नाही. पोटात नुसती आग पडली. बाहेर काय खाल्लंत, असं बायकोनं विचारलं तर तिच्यावरच खेकसलो.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. बायको अजून बसलेलीच होती. मी तिच्याकडे पाहिलं, म्हणजे ऊठ. ती उठली नाही. पिशवीतून तो घोड्याचा डबा काढून तिनं टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी डबा फिरवून पाहिला, बाजूला सारला आणि मग सरळच बोलले. नसा वाचवल्यात, पण त्यांना वेळ लागेल, कदाचित वर्षाहून जास्त. पूर्वीसारखंच होईल असं मी सांगणार नाही. औषधं आहेत, इतर उपाय आहेत, पण हे आधी बंद. इतके दिवस विचारलं का नाहीत, हेही त्यांनी विचारलं. मी मान खाली घालून ऐकत होतो. हायसं वाटायला हवं होतं, पण शेजारी ती बसली होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं. मला तिच्याकडे बघवेना.

तुम्हाला काही विचारायचंय का, असं डॉक्टरांनी तिला विचारलं.

"ते व्हायचं तेव्हा होईल," ती म्हणाली. "हे हॉलमधनं आत झोपायला कधी येणार, तेवढं सांगा."