एका धोंड्याचे खड्डे

आदिलाबादजवळच्या मावल्यात, माझ्या घरात चंद्राचा एकही फोटो नाही. पीएच.डी. चंद्रावर आणि भिंती कोऱ्या — पाहुणे विचारतात, मी हसून चहाचं बघतो. खरं कारण आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. तुम्हाला सांगतो. आधी थोडं इकडचं तिकडचं बोलेन — चुकवायची सवय आहे.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी तिकडच्याच तामसी गावचा, माझा सोबती किसन बोथचा. दोघंही हैदराबादला एकाच सरांकडे पीएच.डी.ला. चंद्राच्या फोटोंवरची आघातानं पडलेली विवरं मोजायची — आम्ही खड्डेच म्हणायचो. जिथं खड्डे जास्त, ती जमीन जुनी. एकच फोटो दोघांनी वेगवेगळा मोजायचा, आकडा एकमेकांना सांगायचा नाही, हा सरांचा नियम. आणि पुढं ठेवून घेणार होते एकालाच. हे दोघांनाही ठाऊक होतं.

उन्हाळ्यात फोटो घेऊन गावी आलो. एक दिवस बोथला गेलो, तर किसन बापाच्या वांग्यांना पाणी देत होता. माझ्या फोटोवरच्या शाईच्या टिकल्या त्यानं नुसत्या पाहिल्या, अन् एक धोंडा उचलून चिखलात आपटला. मोठा खड्डा पडला. भोवती उडालेल्या चिखलाचे बारके बारके.

"सांग बे, किती धोंडे मारले?"

"एक."

"मंग तू हे बारके सारे काऊन मोजून राह्यला?"

त्याचा बाप बांधावरून ओरडला, "चंद्र राहू दे, वाफा फुटला तो पाह्य!" आम्ही हसलो. पण काय सांगू? तो बरोबर होता. मी एकेक शिंतोडा मोजला होता. माझी जमीन उगाच म्हातारी झाली होती.

सुट्टी संपली. बाप आजारी पडला म्हणून किसन मागं राहिला; त्याचे आकडे टपालानं आले. सरांपुढं आकडे जुळेनात — त्याचे फारच कमी. सरांनी मला विचारलं, घाईत सोडले का त्यानं? धोंड्याची गोष्ट सांगायला कितीसा वेळ लागला असता? मी म्हणालो — हो सर. त्याचं सगळं लक्ष वांग्यांत होतं.

एवढंच. एवढंच म्हणालो.

किसनचं नाव सरांच्या यादीतून गेलं. पुढं माझ्या प्रबंधात तेच बारके खड्डे मी वगळले — सविस्तर कारण देऊन. स्वतःचं म्हणून.

नंतर, नव्वदच्या पुढं, तो आदिलाबादच्या बसस्टँडवर भेटायचा, वांग्यांचं पोतं घेऊन. "काय डॉक्टर, चंद्र काय म्हणते?" एकदा सोबत त्याची मुलगी होती. तिला म्हणाला, "या काकाचे डोळे लय बारीक, बाई. आपल्याच्यानं नाई झालं. मोजाले चुकलो मी." आणि चार वांगी माझ्या पिशवीत टाकली. मी तोंड उघडलं — खरंच उघडलं होतं — तेवढ्यात बोथची बस लागली, आणि मी म्हणालो, "जा, जागा धर."

वांगी घरी शिजली. मी खाल्ली.

किसन अजून समजतो, मोजायला तोच चुकला.