एका डीपीवरच्या मोटारी

आमच्या गावची डीपी, म्हणजे लाईटीचा ट्रान्सफॉर्मर, आपोआप जळाली न्हाई, माणसांनी जाळली. इतकी वर्षं झाली, तरी हे सांगताना माझं डोकं फिरतं.

गाव टेंभुर्णीकडचं. नव्वदच्या पुढची ती वर्षं. नाल्याच्या दोन्ही काठांवरच्या विहिरींच्या मोटारी एकाच डीपीवर होत्या. लाईट कधी जाईल, कधी येईल, याचा नेम नव्हता. मंग लोकांनी स्टार्टरला ऑटो बसवले. ऑटो म्हणजे एवढीशी डबी. लाईट आली की मोटार आपसूक चालू करणारी. मालक पारावर तंबाखू मळत बसला तरी चालतंय. पण मोटार सुरू होताना कितीतरी जास्त करंट ओढते. सगळ्या एकदम उठल्या की होल्टेज धाडकन खाली यायचं. मोटारी नुसत्या गुरगुरायच्या, फिरायच्या न्हाईत, आणि आतली तार जळायची. वर डीपी तापायची ती वेगळीच.

आमची मोसंबीची बाग होती. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, पोटच्या पोरासारखी वाढवलेली. त्या साली पहिला बहार धरला होता आणि फळं लिंबाएवढी झाली होती. विहिरीला पाणी होतं, पण जुनं डिझेल इंजिन लाईट आल्यावर विकून टाकलेलं. डीपी गेली की बाग गेली, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

म्हणून आबांनीच गाव गोळा केलं. खंडोबाच्या देवळात ठरलं, की सगळ्यांनी ऑटो काढायचे. लाईट आली की आधी वरच्या विहिरी, मंग खालच्या, अशी एकेक मोटार हातानं चालू करायची. तेवढ्यानं होल्टेज बराबर राहणार होतं. सगळ्यांनी बेल-भंडार उचलून शपथ घेतली. आबांनी सगळ्यात आधी घेतली.

ऐन वैशाखात एका दुपारी लाईट गेली. तासाभरानं आली आणि दोन्ही काठांच्या मोटारी एकदमच गुरगुरल्या. मी बांधावर होतो. डीपीतून तेल उडालं, काळा धूर निघाला, आणि खेळ खलास झाला.

मी आमच्या विहिरीकडं पळालो. तिथं चिटपाखरू नव्हतं. मोटारीला हात लावला तर चटका बसला. स्टार्टरची पेटी उघडली, तर ऑटो जागच्या जागी.

आबा घरी गोठ्यात वैरण टाकत होते. मी म्हणालो, "आबा, आपला ऑटो काढला न्हाई?"

"बाकीच्यांनी काढले असतील असं वाटलं," आबा म्हणाले. "आपल्या एकट्याच्यानं काय होतंय?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. संध्याकाळपर्यंत हेच वाक्य मी घराघरातून ऐकलं. एकट्याच्यानं काय होतंय. अरे, मंग भंडार कशाला उचलला? देवाला काय येडं समजता का?

नवीन डीपी लवकर येणार नव्हती. वीज बोर्डाच्या हापिसात गेलं की तुमचा नंबर लावलाय म्हणायचे. मी आणि माय कळशीनं पाणी शेंदून विहिरीजवळची एक ओळ भिजवायचो. बाकीच्या झाडांची फळं सुरकुतली, गळाली, मंग पानं गेली, मंग फांद्या. खाली विहिरीत पाणी दिसत होतं, त्यानं जास्तच जीव जळायचा. आणि आबा पारावर बसून गावाला शिव्या घालायचे, हरामखोर लोकं, शपथा मोडतात. ते ऐकून मला असा संताप यायचा की जेवण नको व्हायचं. बाप हाय म्हणून मी गप्प बसलो, हीच चूक.

डीपी आली तेव्हा पेरण्या उरकल्या होत्या. भिजवलेली ओळसुद्धा हाती लागली न्हाई. बाग आम्ही कुऱ्हाडीनं तोडली.

पुढच्या उन्हाळ्यात परत देवळात बैठक झाली. परत तीच शपथ. आबा सगळ्यात आधी उठले. मला राहवलं न्हाई. सगळ्यांसमोर म्हणालो, "आबा, आधी ऑटो आणून इथं देवापुढं ठेवा. सगळ्यांनीच ठेवा. मंग भंडार उचला."

आबांनी माझ्याकडं बघितलं.

"मला आता कशाला लागतोय ऑटो," ते म्हणाले. "पाणी देयाला राह्यलंय काय?"

आणि त्यांनी भंडार उचलला. त्यांच्यामागून सगळ्या गावानं उचलला. घरी जाऊन ऑटो घेऊन येतो, असं एकजणही म्हणाला न्हाई.