कोयनेच्या वाडीवर वऱ्हाडचा ट्रक

माझी शेवटची पोस्टिंग चीनच्या सीमेवर, नेफात होती. इंजिनिअर पलटणीत मी हवालदार होतो. काम रस्त्याचं. डोंगर फोडायचा, रस्ता काढायचा, पावसात तो दरीत गेला की पुन्हा काढायचा. दरड येऊन तिच्याखाली माणसं सापडली तर त्यांनाही काढायचं. हे काम कोणी मागून घेत नाही. पण एकदा हात बसला की दर वेळी तुम्हालाच हाक येते. मला यायची.

१९६६ साली पेन्शन घेऊन चांदूर रेल्वेला घरी आलो. सकाळी उठण्याची सवय जाईना. मग रविवारी सकाळी वस्तीतल्या तरुणांना मैदानात घेऊन पीटी सुरू केली. पुढे दोराच्या गाठी, दोन बांबू आणि पोत्याचं स्ट्रेचर, बादल्यांची रांग, मोडलेल्या हाताला फळी कशी बांधायची, असं एकेक शिकवत गेलो. लोक हसायचे. बाजारातून जाणारा एखादा थांबून विचारायचा, "हवालदार, कोनता चीन येऊन राह्यला चांदूरले?"

उन्हाळ्यात गावाबाहेरच्या कडब्याच्या गंज्यांना आग लागली. आमच्या रांगेनं ती विहिरीजवळच रोखली, शेजारचे गोठे वाचले. त्यानंतर हसणं कमी झालं आणि रविवारी येणारे वाढले. आमच्या बौद्ध वस्तीतले होते, कुणब्यांचे होते, दोघे तिघे तेली. कोणाला वेगळं विचारलं नव्हतं. आले आणि फॉल-इन झाले.

१९६७ च्या डिसेंबरात स्टेशनाजवळच्या हॉटेलात रेडिओवर कोयनेच्या भूकंपाची बातमी ऐकली. पहाटे झाला होता. म्हणजे माणसं घरात झोपलेली. डोंगरातली घरं म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती. मी चहा अर्धा ठेवून उठलो. बायकोला म्हणालो, "मले जा लागते."

ती म्हणाली, "भाकरी किती लोकाइच्या करू?"

अमरावतीच्या बाजारात मदतीचं सामान जमत होतं. घोंगड्या, कंदील, पीठ, मीठ, जुने पत्रे. रविवारचे तरुण माझ्यासोबत होते; आमच्याकडे पहारी, टिकाव, फावडी, घण आणि दोर होते. ट्रक अकोल्याचा, ड्रायव्हर युसुफभाई. काटक माणूस, पांढरी टोपी, बोलणं अर्धं हिंदी, अर्धं वऱ्हाडी. त्यांनी सामान पाहिलं आणि मला म्हणाले, "साब, गाडी मैं चलाऊंगा. तुमी फक्त बाजूले बसून बोलत राहा."

आम्ही निघणार तेवढ्यात शेंदूरजनाघाटहून संत्र्यांच्या पेट्या आल्या. त्यांच्यासोबत बागेचे मालक गणपतराव देशमुख स्वतः. साडेसहा फूट नसतील, पण तसे वाटत. पेट्या चढवून झाल्या आणि तेही मागोमाग चढले.

मी म्हणालो, "गणपतराव, जागा नाई."

"माही संत्री एवढ्या दूर एकटीच जाऊन राह्यली काय? मी बी येतो."

"तिथं काम आहे. पाहाले जाचं नाई."

"काम काय तुमच्या फौजेतच करतेत काय?"

मी जागा केली.

वाटेत जालन्याच्या अलीकडे जेवायला थांबलो. मी फडकं सोडलं. गणपतरावांनी हात पुढे करून त्यातली एक भाकरी घेतली, ठेचा घेतला आणि खायला लागले. देशमुखांच्या घरातला माणूस आमच्या घरची भाकरी खाताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांचे डोळे भरून आले. "वहिनी ठेचा लय तिखट करते बुवा," एवढंच म्हणाले. मी पाणी दिलं.

कऱ्हाडहून पुढे गेल्यावर युसुफभाईंनी गाडी हळू घेतली. रस्त्याच्या कडेची गावं सपाट झाली होती. दारांच्या चौकटी तेवढ्या उभ्या. मोठ्या गावांत फौज आणि सरकारी पथकं पोचली होती. एका अधिकाऱ्यानं आमची हत्यारं पाहिली, आधी काय केलं ते विचारलं आणि वरच्या एका वाडीकडे बोट दाखवलं. तिथं अजून कोणी गेलं नव्हतं. ट्रक ओढ्यापर्यंत गेला. पुढे सामान डोक्यावर.

वाडीत शिरताना वाटेवर एक म्हातारा उभा होता. उंच, ताठ, खाकी जर्सी, दाढी केलेली. एवढ्या पडझडीत दाढी केलेला माणूस मी तो एकच पाहिला.

"कोण?"

माझ्या टाचा आपोआप जुळल्या. "हवालदार, इंजिनिअर पलटण. रिटायर्ड. अमरावती जिल्हा."

"सुभेदार. पायदळ. रिटायर्ड." त्यांनी सलाम घेतला. "माणसं किती? हत्यारं काय? किती दिवस राहणार?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "ठीक. मेलेल्यांचं सगळं आम्ही उरकलंय. आता जित्यांचं बघायचं."

त्यांनी वाडी खाली भाताच्या मोकळ्या खाचरात हलवली होती. चुली एका बाजूला, जनावरं दुसऱ्या बाजूला, शौचाचे चर लांब आणि झऱ्याच्या खालच्या अंगाला. एखाद्या कंपनीचा कॅम्प असावा तसं. थंडी बोचरी होती आणि लोक उघड्यावर होते. दुसऱ्या दिवसापासून आम्ही निवारे घालायला लागलो. पडक्या घरांची वासे-लाकडं, आमचे पत्रे, वर गवत. सुभेदार सकाळी कामं वाटायचे, संध्याकाळी फिरून पाहायचे. मधे कोणाला बसू द्यायचे नाहीत. स्वतःही बसायचे नाहीत. मी एकदा घरच्यांचं विचारलं. "मुलगा पुण्याला नोकरीत आहे," ते म्हणाले आणि दोर मागितला.

काम जड होतं, पण दिवस बरे गेले. हे सांगताना संकोच वाटतो, तरी खरं तेच सांगतो. संत्र्याच्या साली वाडीभर झाल्या. युसुफभाई रोज ट्रक घेऊन खाली जायचे आणि मिळेल ते घेऊन यायचे. एकदा झोपायच्या चार बाजा आणि एक ढोलकी घेऊन आले. आमच्या बोलीची वाडीला मजा वाटायची. झऱ्यावर गणपतरावांना एकीनं लवकर चला म्हणून हाक दिली. ते ओरडले, "आंघोळ करून राह्यलो ना बाई!"

ती म्हणाली, "राहिली म्हंजी? झाली का न्हाई झाली?"

पाच दिवसांनी हसलो आम्ही, असं एक म्हातारा मला म्हणाला.

जमीन मात्र अजून शांत झाली नव्हती. दिवसातून दोन-तीनदा पायाखालून गुरगुर जायची. म्हणून अर्धवट उभ्या घरांत कोणी शिरायचं नाही, असा सुभेदारांचा हुकूम होता. सगळे पाळायचे, एक सगुणाआजी सोडून. त्यांचं घर मागून कोसळलं होतं, पुढची खोली माळ्यासकट उभी होती. तिथं पाटीत त्यांची कोंबडी अंड्यांवर बसली होती. आजी नजर चुकवून तिला दाणे टाकायला जायच्या.

त्या दुपारी गणपतरावांनी त्यांना आत जाताना पाहिलं आणि बाहेर आणायला मागोमाग गेले. तेवढ्यात धक्का बसला. मी पन्नास पावलांवर होतो. बाजूची भिंत फुगली आणि खाली आली, माळा एका अंगानं बसला. धूळ उठली. घर होतं तिथं दगडांचा ढीग.

लोक धावले. दोघेजण ढिगावर चढले. मी ओरडलो, "खाली! सगळे खाली!" ढिगावरचं वजन आतल्या माणसाच्या छातीवर जातं.

सुभेदार माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. अख्खी वाडी त्यांच्याकडे पाहत होती. ते मोठ्यानं म्हणाले, "हे तुझं काम. हुकूम तू दे. मी तुझा जवान."

"सगळे मागे घ्या. पूर्ण शांतता."

त्यांनी शिट्टी दिली. रडणारी बाईसुद्धा थांबली. मी जमिनीला कान लावून हाक मारली. "गणपतराव!"

थोड्या वेळानं आवाज आला. "हाव. आहो आमी."

"आजी?"

"माह्या मागं हायेत. बोलून राह्यल्या. पाय दबला माहा, तुळई हाये त्याच्यावर. मले हलता येत नाई अन् आजीले निंघता येत नाई."

पुढून जाणं शक्य नव्हतं. मी डाव्या अंगानं, दाराच्या चौकटीखालून वाट काढायचं ठरवलं. आमचे चांदूरचे तरुण रांगेनं उभे राहिले. दगड हातातून हातात मागे जाऊ लागला, बादली जायची तसा. युसुफभाईंना मी ट्रकचा जॅक मागितला. ते ओढ्यापर्यंत पळत गेले आणि खांद्यावर जॅक घेऊन चढ चढून आले. धाप लागली होती. म्हणाले, "इसने बहोत ट्रक उठाए है. हे बी उचलन."

जॅक उचलतो, पण भरवसा लाकडावर ठेवायचा असतो. बोटभर उचललं की लगेच खाली लाकडाचे ठोकळे आडवे-उभे रचत जायचं. जॅक निसटला तरी वजन लाकडावर बसतं. नेफात हेच करायचो. मी सरपटत आत गेलो. कंदिलाच्या उजेडात गणपतरावांचा चेहरा दिसला, धुळीनं पांढरा. त्यांनी मागे हात नेऊन आजींचा हात धरला होता.

"हवालदार, घाई नोको करू. पण आजीले दम लागून राह्यला."

त्यांच्या मागून आजींचा आवाज आला. "त्या माणसाला सांगा, माज्या कोंबडीवर पाय द्यू नगंस."

जॅक बसवला. हँडल फिरवायला सुभेदार स्वतः माझ्यामागे आले होते. त्यांना मी मागे जायला सांगितलं. ते गेले नाहीत.

"अर्धा फेरा."

"अर्धा."

"थांब. लाकूड."

मागून लाकूड आलं. मी सरकवलं.

"अर्धा फेरा."

"अर्धा."

असं चाललं असताना पुन्हा गुरगुर आली. पहिल्यांदा दात हलल्यासारखं वाटतं, मग सगळंच. वरून माती पडली. कंदील विझला. जॅक तिरका होऊन निसटल्याचा आवाज मी ऐकला. तुळई खाली बसली, ठोकळ्यांवर. ठोकळे करकरले आणि थांबले. मग सुभेदारांनी विचारलं, "हवालदार, रिपोर्ट."

"लाकूड धरून आहे, साहेब."

"मग जॅक पुन्हा लाव."

लावला. आणखी दोन बोटं मिळाली आणि गणपतरावांचा पाय सुटला. मी काखेत हात घालून त्यांना ओढलं. तेवढा मोठा देह त्या भोकातून कसा बाहेर आला, ते अजून मला कळलेलं नाही. त्यांच्यामागे आजी स्वतः रांगत आल्या. एका हातानं पाटी पुढे ढकलत होत्या. पाटीत कोंबडी होती. उजेडात आल्यावर कोंबडीनं पंख झाडले आणि सगळ्या वाडीला शिव्या दिल्यासारखी ओरडली. आधी युसुफभाई हसले. मग सगळेच. सुभेदार तोंड फिरवून उभे राहिले.

गणपतरावांची नडगी मोडली होती. संत्र्याच्या पेटीच्या फळ्या लावून मी ती बांधली. खाली दवाखान्यात प्लास्टर घालून ते दुसऱ्या दिवशी त्याच ट्रकमधून परत आले. बाजेवर बसून लाकडं तासायला लागले. मी रागावलो तर म्हणाले, "पाय मोडला माहा. हात काहून रिकामे ठेवू?"

निवारे पूर्ण झाले तेव्हा आमची निघायची वेळ झाली. सकाळी सुभेदारांनी सगळ्यांना खाचरात बोलावलं. आम्हालाही रांगेत उभं केलं. म्हणाले, "पाहुणे निघालेत. ज्यांच्यासाठी आले, त्यांची नावं तरी त्यांना कळू देत." मग प्रत्येक घरातल्या एकानं पुढे येऊन आपल्या गेलेल्याचं नाव घेतलं. रामू. विठाबाई. तुकाराम. बारशाआधीच गेलेली एक मुलगी; तिच्या आईनं तिथंच तिला नाव दिलं, चंद्रभागा. सगुणाआजींनी आपल्या धाकट्या दिराचं नाव घेतलं. युसुफभाईंनी टोपी नीट करून हात जोडले होते.

सगळे झाले असं मला वाटलं. तेव्हा सुभेदार एक पाऊल पुढे आले. सावधान उभे राहिले.

"लक्ष्मीबाई. माझी पत्नी."

मी समोरच होतो. इतके दिवस मी त्यांच्याबरोबर जेवलो, त्यांच्याशेजारी झोपलो होतो. मला माहीत नव्हतं. माझा हात सलामीला गेला. मागे माझ्या रांगेतल्या कोणीही फौज पाहिली नव्हती, पण सगळे हात वर गेल्याचं मला जाणवलं.

ओढ्यापर्यंत ते सोडायला आले. मी म्हणालो, "साहेब, तुम्ही सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर तुम्ही मला बसवून ठेवलं असतं."

थोडं चालून पुढे म्हणाले, "जनावरं सोडायला गोठ्यात गेली होती. दावी कापली तिनं. चारही जनावरं बाहेर आली. आता त्यांचंच दूध वाडीतली पोरं पितात."

युसुफभाईंनी गाडी चालू केली. सुभेदारांनी माझा हात हातात घेतला, दाबला आणि वळून वाडीकडे गेले. वर कोणाचं तरी छप्पर उडायला आलं होतं, ते त्यांना दिसलं होतं.

गणपतराव पुढे किंचित लंगडत चालायचे. अमरावतीला आले की चांदूरला उतरायचे आणि न कळवता आमच्या घरी जेवायला बसायचे. बायको त्यांच्यासाठी ठेचा वेगळा करायची. सुभेदारांचं कार्ड दर दिवाळीला आलं, ते असेपर्यंत.

रविवारची पीटी आता दुसरे घेतात. डिसेंबरात भूकंपाच्या दिवशी मात्र सगळे माझ्या अंगणात जमतात. तेव्हाचे, आणि त्यांच्या घरातले, ज्यांनी कोयना कधी पाहिली नाही. आम्ही उभे राहतो आणि वाडीतली सगळी नावं घेतो. लक्ष्मीबाईंचं नाव सुभेदारांनी शेवटी घेतलं होतं. आम्ही ते पहिलं घेतो.