बॉर्डर आखायच्या आधी

आमच्या कॉलेजच्या अभ्यासक्रम समितीने पहिल्या वर्षाला वर्कशॉप वाढवून माझ्या इंजिनिअरिंग ड्रॉइंगचे तास निम्मे करायचा घाट घातला, तेव्हा माझं डोकंच फिरलं. आयुष्य गेलं हा विषय शिकवण्यात. माझी जुनी विद्यार्थिनी केतकी जपानात, क्योतोत पीएचडी करतेय. म्हटलं, शेवटच्या बैठकीआधी शिस्तीच्या देशातूनच पुरावे आणू आणि समितीला गप्प करू.

कान्साई विमानतळावरून क्योतोला थेट ट्रेन आहे. शाकाहारी असाल तर कोंबिनीत, म्हणजे रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या दुकानात, आंबट प्लमचा भातगोळा घ्या. बाकीच्यांत बहुतेक मासा लपलेला असतो. बसला गर्दी फार, म्हणून सायकल भाड्याने घ्या. मी घेतली आणि नदीकाठी मनसोक्त हिंडले.

दुसऱ्या दिवशी केतकीने मला विद्यापीठातला पहिल्या वर्षाचा वर्ग दाखवला. प्रत्येक टेबलावर सायकलचं मागचं चाक, नट खोलायचे पाने आणि कोरा कागद. चाकाचं हब, म्हणजे मधला भाग, आतून कसं असतं त्याचं चित्र काढायचं. तिथल्या सरांनी मलाही एक टेबल दिलं. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

सवयीने आधी बॉर्डर आखली. मग टायटल ब्लॉक. त्यात सुबक अक्षरात नाव, स्केल, तारीख. रोल नंबरचा चौकोनसुद्धा सोडला.

"मॅडम, चाक उघडा ना," केतकी कुजबुजली.

"आधी शीट तर नीट होऊ दे."

मग अंदाजानेच आतला भाग काढला. वेळ संपली. शेजारची ग्रीसने माखलेली मुलगी माझी शीट बघून "किरेइ" म्हणाली, म्हणजे सुंदर. मग तिने आपलं उघडलेलं हब पुढे केलं. आत छोटे खटके होते. पाय थांबले तरी चाक फिरत राहतं ते त्यांच्यामुळे. माझ्या चित्रात ते नव्हतेच. माझ्या चित्रातली सायकल उतारावरही पायडल मारायला लावणारी होती.

"केतकी, तुम्हाला मी हेच शिकवलं का गं?"

"हो, मॅडम. इथे आल्यावर मीही आधी बॉर्डरच आखली होती."

आम्ही दोघी खूप हसलो. पण मला वाईटही वाटलं.

पुण्यातल्या बैठकीत सगळे माझ्या भांडणाच्या तयारीने बसले होते. मी म्हटलं, "तास निम्मे करा. फक्त ड्रॉइंग वर्कशॉपच्या नंतर ठेवा."

नव्या सत्राच्या पहिल्या तासाला टेबलांवर चाकं मांडली. पुढच्या टेबलावरच्या मुलीने लगेच पट्टी काढली.

"मॅडम, बॉर्डर किती मिलिमीटरची?"

उत्तर जिभेवर आलं होतं. ते गिळलं आणि तिच्या हातात पाना दिला.