हजेरीची टेप

शबानाचं पत्र आलं तेव्हा मी मेथी निवडत होते. ‘अब्बा गेले. फार त्रास झाला नाही. आदल्या दिवसापर्यंत कुणाचा तरी रेडिओ उघडून बसले होते,’ एवढं लिहून तिनं खाली एक ओळ टाकली होती : ‘आत्या, अख्ख्या गावाचे आवाज अब्बांनी टेप केले, पण त्यांचा स्वतःचा आवाज घरात कुठंच नाही.’ भाजी तशीच राहिली. युसूफदादा गेला यापेक्षाही ती ओळ मला जास्त लागली.

युसूफ तांबोळी म्हणजे आमच्या खर्डा गावातला रेडिओ दुरुस्त करणारा. गावच्या शाळेत माझे वडील गुरुजी होते, त्यांचा हा जुना विद्यार्थी. आणि वडिलांच्या मते, इतका उशिरा येणारा मुलगा शाळेनं दुसरा पाहिला नाही. बापाच्या पानांच्या टोपल्या बाजारात पोचवून तो धापा टाकत यायचा, तोवर हजेरी आटोपलेली असायची. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचे. स्वतः बोलायला अगदी कंजूष, पण दुसऱ्याचं ऐकताना मान तिरकी करून असा ऐकायचा, की बोलणाऱ्याला आपण फार शहाणे आहोत असं वाटावं. मला तर हमखास वाटायचं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दुष्काळ पडला, त्याच उन्हाळ्यात वडिलांचा घसा बसला तो बसलाच. नगरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पुण्याला जाऊन शस्त्रक्रिया करा. जीव वाचेल, पण आवाज जाईल. तारीख बारा दिवसांवर होती. तीस वर्षं आवाजावर पोट भरलेला माणूस घरी येऊन गुपचूप पाटी-पेन्सिल शोधू लागला. मी रडत युसूफदादाच्या दुकानात गेले. हातातला रेडिओ बाजूला ठेवून तो म्हणाला, “बारा दिस लई झाले, नलूताई. गुरुजींचा आवाज मी धरून ठिवतो.”

त्याच्याकडे नगरच्या छावणीतल्या, बदली झालेल्या एका जवानाकडून घेतलेला स्पूलचा टेपरेकॉर्डर होता. त्यावर मागच्या हिवाळ्यात त्यानं आमच्या धान्याच्या खोलीत माझी दोन गाणी टेप केली होती. अगदी गोड आली होती. म्हणजे गाणारीपेक्षा टेप गोड. तेव्हा खोली तीच ठरली. पण या वेळी वडिलांचा आवाज आला तो आडात उभं राहून बोलल्यासारखा. युसूफदादानं दोष माईकला दिला. तो होता स्वस्तातला क्रिस्टलचा. “ह्यो उन्हानं बिघाडतो,” म्हणत त्यानं जुन्या टेलिफोनचं बोलायचं बोंडकं जोडून पाहिलं, तर त्यात वडील पापड भाजताना बोलतायत असं वाटे. मग एसटीनं नगर गाठून त्यानं एका मंडपवाल्याकडून जाळीला पोचा आलेला डायनॅमिक माईक आणला. हा माईक चांगला, पण त्याचा आवाज अगदी बारीक. त्याला आधी थोडं मोठं करणारा प्रीॲम्प लागतो. विकतचा परवडणारा नव्हता. “मुंगीचा एकदम हत्ती करायला गेलं तर नुस्ती खरखर वाढती,” त्यानं मला समजावलं, “आधी तिची मांजर करायची. मांजरीचा हत्ती मशीन करंल.” त्यानं दोन ट्रान्झिस्टर आमच्याच चहाच्या पत्र्याच्या डब्यात बसवून ती मांजर तयार केली. विजेवर चालवली तर भुंगा गुणगुणायचा, म्हणून बॅटरीचे सेल लावले. भुंगा गेला, खरखर गेली. आड मात्र जाईना... नगरच्या तीन खेपा झाल्या आणि हातात चार दिवस उरले. त्या दिवशी तो उंबऱ्यावर बसून पहिल्यांदाच हताश बोलला, “माझी अक्कलच कमी पडली, गुरुजी.”

आई सुपं न्यायला खोलीत आली आणि सहज म्हणाली, “पोती न्हाईत तर किती घुमतंय बाई इथं.”

युसूफदादानं कपाळावर हात मारला. हिवाळ्यात ती खोली ज्वारीच्या पोत्यांनी आढ्यापर्यंत भरलेली होती आणि घुमणारा सगळा आवाज पोती पिऊन टाकत होती. दुष्काळात खोली रिकामी झाली, आणि आम्ही बसलो होतो माईकला शिव्या देत! दुसऱ्या दिवशी दुपारी, गल्लीतली माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली असताना, आईनं शेजारणींकडून मागून ठेवलेल्या गोधड्या आम्ही चारी भिंतींना टांगल्या. आत भट्टी झाली होती. युसूफदादानं कानाला हेडफोन लावला, चाचणी घेतली आणि त्याचे डोळेच भरून आले.

आता सगळं जमलं, तर वडिलांना बोलायला सुचेना. त्यांनी घसा खाकरून “सज्जनहो” म्हणून भाषण सुरू केलं. युसूफदादा हळूच म्हणाला, “भाषान नगं, गुरुजी. आमच्या वर्गाची हजेरी घ्या.” वडील ताठ झाले. बसलेल्या घशानंच, पण एकही न चुकता त्यांनी पंचवीस वर्षांपूर्वीच्या वर्गाची नावं घ्यायला सुरुवात केली, प्रत्येक नावाला जरा थांबत... “तांबोळी युसूफ बाबू.” आणि बटणावर बोट ठेवून बसलेल्या युसूफदादाच्या तोंडून निघून गेलं, “हजर, गुरुजी.”

पुढे कितीदा तरी तो हळहळायचा, “येवढी निर्मळ टेप, तिला माज्यामुळं बट्टा लागला.” तेवढा तुकडा पुसून देतो म्हणायचा; मी टेप हाताला लागू दिली नाही. शस्त्रक्रियेनंतर वडील नऊ वर्षं जगले. पहिल्यांदा टेप ऐकून त्यांनी पाटीवर लिहिलं होतं, ‘आवाज बरा होता की माझा!’

ती टेप मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. एका दुकानातून ती कॅसेटवर उतरवून घेतली आणि गेल्या रविवारी, न ऐकताच, खर्ड्याला गेले. दुकानात चहाचा तो डबा फळीवर अजून आहे, झाकणावर युसूफदादाच्या बोटांचे डाग आहेत. शबाना त्या फळीशेजारीच बसली होती. मी कॅसेट लावली. वडिलांच्या आवाजात नावं एकामागून एक येत गेली. मग, “तांबोळी युसूफ बाबू.”

“हजर, गुरुजी.”

शबानानं तोंडावर पदर धरला. लांब कोपऱ्यातून आलेला, तिशीतल्या माणसाचा, स्वच्छ आवाज. त्यावर वडील काय म्हणाले होते ते मी पार विसरून गेले होते. टेप विसरली नव्हती.

“आज वेळेवर आलास रे,” वडील म्हणाले, आणि त्यांनी पुढचं नाव घेतलं.