भोपळ्याला दाखवलेलं बोट

आमच्या दोह्यातल्या अल हिलालच्या फ्लॅटला एक बाल्कनी आहे आणि तिच्यात दर हिवाळ्यात मी लाल भोपळ्याचा वेल लावते. नवरा म्हणतो, वाळवंटात भोपळे पिकवणारी बाई म्हणून तुझं नाव होणार. होऊ दे. थंडीत वेल पानांनी भरतो, मग एक दिवस गरम वारा सुटतो आणि दोन दुपारींत सगळं खलास. फळ कधी धरत नाही. यंदा पहिल्यांदाच एक धरलंय, लिंबाएवढं. पण फळासाठी मी वेल लावतच नाही. पानांवर पाणी शिंपडलं की जो उग्र हिरवा वास येतो, त्याच्यासाठी लावते. तो वास आला की मला डोमिनिका आठवतं.

डोमिनिका म्हणजे कॅरिबियन समुद्रातलं एक डोंगराळ बेट. नकाशात शोधायला मला चष्मा लागतो. तिथे मी आणि माझी लेक, दोघीच, आठ दिवस राहिलो. त्याला आता साडेतीन वर्षं होत आली.

मी इथल्याच एका शाळेत जीवशास्त्र शिकवत असे. लेक दोह्यातच वाढली, इथेच नोकरीला लागली, लग्न करून अल नस्रला राहायला गेली. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीतून. झाडापानांचं वेड मात्र माझंच उचललेलं. त्या वर्षी तिचा दुसऱ्यांदा गर्भपात झाला. मग ती ऑफिसला जायची, घरी यायची आणि मोबाईलवर जंगलांचे व्हिडिओ बघत पडून राहायची. त्यात हे बेट सारखं दिसायचं. जावयाला रजा मिळेना. शेवटी मीच तिच्यासमोर बॅग ठेवली आणि म्हटलं, "भर. यल्ला, चल."

विमानं बदलत, अंग आंबवत पोचलो. विमानतळावरून गाडी घाटाला लागली आणि मी काच खाली केली. ओली माती, कुजलेली पानं, कुठेतरी चुलीचा धूर. मी रत्नागिरीकडची. तीस वर्षं मी हा वास विसरले होते, आणि मला ते माहीतही नव्हतं. रस्त्याच्या कडेला छत्रीएवढी अळवाची पानं, नीरफणसाची झाडं, केळी, आणि वर माणसाच्या दुप्पट उंचीचे नेचे. मी एकेक नाव घेत ओरडत होते. शेजारी लेकीची नजर मोबाईलवरच होती.

आम्ही उतरलो होतो ते घर उतारावर होतं. मालकीण साठीची, धिप्पाड, मोठ्याने हसणारी. मला पहिल्या दिवसापासून 'टीचर' म्हणायची. परसात तिचा भोपळ्याचा वेल कुंपणभर पसरलेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यात मला सुपारीएवढं फळ दिसलं, टोकाला कळी असलेलं. मी बोट करून म्हटलं, "अगं बघ, केवढंसं बाळ धरलंय!"

लेकीने झडप घालून माझं बोट पकडलं आणि दुमडलं. "आई, डोन्ट!"

आमच्याकडे कोवळ्या फळाला बोट दाखवत नाहीत. दाखवलं तर ते कुजतं म्हणतात. दाखवायचंच असेल तर बोट वाकवून दाखवायचं. माझी आई काकडीपासून पडवळापर्यंत सगळं वाकड्या बोटाने दाखवायची आणि मी तिची यथेच्छ टिंगल करायची. लेक मे महिन्याच्या सुट्टीत आजीकडे जायची, तिथून तिने हे उचललं होतं. पण इतकी वर्षं ते तिच्यात राहिलं असेल, असं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

"काय वेडेपणा हा?" मी खेकसले. मला तसं पटकन खेकसायला होतं.

ती पायरीवर बसली आणि सांगू लागली. दुसऱ्या गरोदरपणातल्या सोनोग्राफीत पडद्यावर एक ठिपका लुकलुकत होता. आनंदाच्या भरात तिने त्याला बोट दाखवलं होतं. "सरळ बोट, आई. आय पॉइंटेड स्ट्रेट ॲट इट." पुढच्या आठवड्यात ठिपका थांबला. तेव्हापासून ती हे मनात घेऊन फिरत होती. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, मला सांगितलं नव्हतं. मला तर नाहीच, कारण मी जीवशास्त्राची बाई, मी हसले असते.

खरं सांगते, मी हसलेच असते. त्या संध्याकाळी मला माझीच लाज वाटली.

पण लाज वाटली म्हणून मास्तरकी थोडीच सुटते? मी म्हटलं, "प्रयोग करू. निघेपर्यंत रोज सकाळी मी याच फळाला सरळ बोट दाखवणार. तुझ्यासमोर. कुजलं तर आजी खरी, वाढलं तर मी खरी." ती ओठ चावत हो म्हणाली.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मला माझाच धडा आठवला. भोपळ्याची निम्मी फळं परागकण न मिळाल्यामुळे आपोआप गळतात, हे मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं होतं. या फळाच्या टोकाची कळी सकाळी उमलणार होती. पाऊस तर सारखाच. मधमाशी नाही आली तर? फळ गळलं तर मी लेकीला काय सांगणार होते?

पहाटे पाचला उठले. अनवाणी परसात गेले, एक नरफूल तोडलं, पाकळ्या सोलल्या आणि आतला दांडा मादीफुलात चांगला फिरवला. मागे वळले तर मालकीण कॉफीचा कप घेऊन दारात उभी. मी ओठांवर बोट ठेवलं. तिने मान डोलावली, आत गेली आणि मलाही कप आणून दिला.

मग रोज पाचला उठायचं. गोगलगायी वेचायच्या. ओल्या मातीला टेकून फळ कुजू नये म्हणून खाली करवंटी सरकवायची. आणि आठ वाजता लेकीसमोर ताठ उभं राहून, काही माहीत नसल्यासारखं, फळाला बोट दाखवायचं.

बाकीचा दिवस आम्ही रानात भटकायचो. गुडघाभर चिखल, शेवाळलेली मुळं, धबधब्याखालचं गारढोण पाणी. एका ओढ्यात कोमट पाणी वाहायचं, त्यात पाय सोडून बसलो असताना डोक्यावरून दोन पोपट ओरडत गेले आणि लेक कितीतरी महिन्यांनी मोठ्याने हसली. अजूनही मला त्या ओढ्याकाठी जाऊन बसावंसं वाटतं. फार वाटतं.

निघायच्या सकाळी फळ नारळाएवढं झालं होतं, हिरवंगार, तुकतुकीत. लेक त्याच्यासमोर उकिडवी बसली. मग तिने हळूच स्वतःचं बोट पुढे केलं, सरळ, आणि रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. प्रयोग यशस्वी झाला, असं मी मनात म्हणत होते.

दीड वर्षाने ती पुन्हा सोनोग्राफीच्या टेबलावर होती, पाचव्या महिन्यात. मी शेजारी. पडद्यावर चेहरा दिसला आणि तिने बिनधास्त बोट केलं, "आई, लुक, नाक!" मी पाहिलं. माझ्या आईसारखंच बसकं नाक. माझा हात पर्सखाली होता आणि तिथे बोट वाकलेलं होतं.

तिने ते पाहिलं. "चीटिंग हिअर टू?"

"इथेही म्हणजे?"

"डोमिनिकाची आंटी. शी टोल्ड मी द व्हेरी नेक्स्ट डे."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू रोज पाचला उठत होतीस, आई." यावेळी तिने उत्तर मराठीत दिलं. "एका भोपळ्यासाठी. मला तेवढंच बघायचं होतं."

मी पर्सखालून हात काढला, बोट सरळ केलं आणि त्या नाकाकडे दाखवलं.

नात आता दीड वर्षाची आहे. दिवसा माझ्याकडेच असते. बाल्कनीतलं ते लिंबाएवढं फळ तिला सापडलंय, आणि दिवसभर ती त्याला बोट दाखवत असते, अगदी टेकवून. मी तिला काही म्हणत नाही. फक्त पाचला उठते.